पुसली तरी पुन्हा उगवणारी बुरशी : आधी ओलीचा माग काढा

घरातल्या एकाच भिंतीवर, एकाच कोपऱ्यात दर काही आठवड्यांनी बुरशी परत येऊ लागली, की आपण पुसण्यात कुठेतरी कमी पडलो असे वाटते आणि आणखी जहाल औषध आणण्याकडे मन वळते. माझेही तसेच झाले. झोपण्याच्या खोलीत, बाहेरच्या भिंतीला टेकवून ठेवलेल्या कपाटामागे प्रथम टाचणीच्या डोक्याएवढे काळे ठिपके दिसले. ते ब्लीचने पुसले, भिंत स्वच्छ झाली आणि पाच-सहा आठवड्यांत ठिपके त्याच जागी, जवळजवळ त्याच आकृतीत उमटले. दुसऱ्या खेपेस पुसून झाल्यावर बुरशीरोधक रंगाचे दोन हात दिले. तो रंग काही महिने टिकला, मग त्याला फोड आले. एक फोड नखाने उकलून पाहिला, तेव्हा पापुद्र्याच्या आतल्या बाजूस करड्या मखमलीसारखा थर होता. तिसऱ्या खेपेस मी भिंत खरवडली आणि तीही कोरडीच खरवडली. त्या सगळ्या प्रकरणातली ती सर्वांत मोठी चूक होती. तिचे कारण पुढे येईलच.

याच काळात घरातल्या लहान मुलाला पहाटेच्या सुमारास कोरडा खोकला येत असे. सर्दी बरी होत आली आहे, हवा बदलली आहे, अशी कारणे आम्ही लावत राहिलो. एकदा दहा दिवस सगळे परगावी राहिलो आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशीच खोकला थांबला. घरी परतल्यावर दुसऱ्या रात्री तो पुन्हा सुरू झाला, तेव्हा भिंत आणि खोकला या दोन गोष्टी प्रथमच आमच्या मनात एकत्र आल्या. ज्यांच्या घरी असे काही चालू आहे, त्यांनी पुढच्या वेळी फडका हाती घेण्याआधी पाणी कुठून येते आहे हे शोधावे, एवढ्यासाठी हे सविस्तर लिहीत आहे.

ती परत का येते

बुरशीचे बीजाणू प्रत्येक घराच्या हवेत असतातच. दारे-खिडक्यांतून, कपड्यांवरून, पादत्राणांवरून ते आत येत राहतात. घरात नेहमी आढळणाऱ्या अनेक जातींचे बीजाणू साधारण २ ते १० मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) एवढे सूक्ष्म असतात आणि त्यांना घरातून कायमचे हद्दपार करणे कोणालाही शक्य नाही. त्यांच्या खाद्याचीही कधी वाण नसते : रंगातली चिकट द्रव्ये, प्लायवूड, पुठ्ठा, वॉलपेपरची खळ, साबणाचा थर, अगदी भिंतीवर बसलेली धूळसुद्धा त्यांना पुरते. माणसाला जे तापमान सुखाचे, तेच बहुतेक बुरशींनाही मानवते. मग आपल्या ताब्यात उरते ते फक्त पाणी.

इथे पाणी म्हणजे ओघळणारे पाणीच असले पाहिजे असे नाही. पृष्ठभागाला अगदी लागून असलेल्या हवेची सापेक्ष आर्द्रता, म्हणजे त्या तापमानाला हवेत मावू शकणाऱ्या वाफेपैकी प्रत्यक्षात असलेला वाटा, दिवसेंदिवस ८० टक्क्यांच्या वर राहिली, तर हाताला कोरड्या लागणाऱ्या भिंतीवरही बुरशी रुजते. उलट, भिजलेली वस्तू २४ ते ४८ तासांच्या आत पूर्ण वाळवली, तर बहुतेक वेळा तिच्यावर बुरशी धरत नाही. शिवाय आपल्याला दिसतो तो भाग वरचा असतो. जिप्समचा बोर्ड, लाकूड, पुठ्ठा यांसारख्या सच्छिद्र वस्तूंत बुरशीचे तंतू आत शिरलेले असतात. ब्लीचचा परिणाम बहुतांशी पृष्ठभागावर होतो. ठिपक्यांचा रंग उडतो, आपले समाधान होते, आणि ओल तशीच असल्यामुळे आत उरलेल्या तंतूंना किंवा हवेतून नव्याने बसलेल्या बीजाणूंना पुन्हा वाढायला काहीच अडचण येत नाही. माझ्या पहिल्या तीन खेपा अशाच वाया गेल्या.

डाग वाचायला शिकणे

समोर दिसते ती बुरशीच आहे ना, हे आधी पाहावे. भिंतीवर पांढरे, भुरभुरीत, स्फटिकांसारखे काही फुटले असेल, तर तो बहुधा लोणा असतो, म्हणजे पाण्याबरोबर भिंतीतून वर आलेले क्षार. तो बोटांत चुरडला जातो आणि पाण्याचा थेंब टाकला तर विरघळतो. बुरशी विरघळत नाही, पुसली की माखते. काळा डाग काजळीचा की बुरशीचा अशी शंका असल्यास पाण्यात पातळ केलेल्या ब्लीचचा एक थेंब त्यावर टाकावा. एक-दोन मिनिटांत डाग फिका पडला तर बुरशी असण्याचा संभव अधिक, कारण काजळी आणि मळ तसेच राहतात. लोणा निघाला म्हणून निश्चिंत होऊ नये. बुरशी नसली तरी पाणी भिंतीतून वाहते आहे, एवढे त्यातून सिद्ध होतेच.

त्यानंतर मी जे केले ते अगदी साधे होते आणि त्यानेच सर्वांत अधिक उलगडा झाला. कपाट बाजूला ओढून प्रत्येक डागाची कड शिसपेन्सिलीने आखली आणि शेजारी तारीख लिहिली. खोलीतला दिवा मालवून टॉर्च भिंतीला समांतर, तिरपा धरला, की रंगाचा सूक्ष्म फुगवटा आणि समोरून न दिसणारे केसाळ ठिपकेही उठून दिसतात. दर आठवड्याला हे पाहत गेल्यावर लक्षात आले की एकाच भिंतीवर दोन वेगळे डाग आहेत. कपाटामागे छातीच्या उंचीपासून छताच्या कोपऱ्यापर्यंत विखुरलेले ठिपके होते. त्यांना निश्चित कड नव्हती आणि थंडी वाढली की ते वाढत. खाली, न्हाणीघराच्या सामाईक भिंतीजवळ हाताच्या पंजाएवढा डाग होता. त्याची कड तपकिरी आणि स्पष्ट होती, आणि ऋतू कोणताही असो, तो हळूहळू मोठाच होत होता.

ओलीचे मार्ग मुख्यतः चार असतात आणि प्रत्येक मार्ग आपली वेगळी खूण सोडतो. हवेतली वाफ गार पृष्ठभागावर साठते, तेव्हा ठिपके विखुरलेले असतात. ते छताच्या कोपऱ्यांत, खिडकीच्या चौकटीभोवती, कपाटे आणि पलंग यांच्या मागे, म्हणजे जिथे हवा खेळत नाही तिथे दिसतात. बाहेरून झिरपणारे पाणी पावसाशी जोडलेले असते : पाऊस झाल्यावर काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत डाग गडद होतो, आणि त्याच्या बाहेरच्या बाजूस भेग, तुंबलेली पन्हळ, खिडकीखालचा उतार नसलेला कट्टा किंवा गच्चीचा उखडलेला सांधा सापडतो. जमिनीतून चढणारी ओल तळापासून सुरू होते आणि साधारण मीटरभर उंचीपर्यंत जाऊन आडव्या पट्ट्यात थांबते. त्या पट्ट्यात क्षार इतके असतात की बुरशीपेक्षा लोणा आणि सुटलेला गिलावा हेच अधिक दिसतात. चौथा मार्ग नळांचा आणि सांडपाण्याचा. ही गळती ऋतू पाळत नाही, आणि पाणी ज्या जागी दिसते त्या जागीच ते गळत असते असेही नाही, कारण पाइपाच्या किंवा स्लॅबच्या कडेने ते दूरवर सरकते.

खुणांवरून अंदाज बांधला, तरी फोडाफोडी करण्याआधी तो तपासून घ्यावा. भिंत कोरडी पुसून तिच्यावर फूटभर लांब-रुंद ॲल्युमिनियम फॉइल चिकटवावा आणि चारही कडा चिकटपट्टीने हवाबंद कराव्यात. एक-दोन दिवसांनी पाणी फॉइलच्या खोलीकडच्या बाजूस जमले असेल, तर ते हवेतले आहे. ते फॉइल आणि भिंत यांच्या मध्ये जमले असेल, तर भिंतीतून येते आहे. माझ्याकडे वरच्या फॉइलवर बाहेरून दव धरले होते आणि खालच्या फॉइलमागे भिंत काळपट ओली झाली होती. दोन्ही फॉइल एकाच दिवशी, एकाच भिंतीवर लावले होते. एका डागाचा उपाय दुसऱ्याला लागू पडणार नाही, हे तेव्हा मला पुरते पटले.

छोटा आर्द्रतामापक घेणे फार उपयोगी पडते, मात्र स्वस्त मापक बरेचदा चुकीचे आकडे दाखवतो. तो पारखण्याची घरगुती रीत चोख आहे. बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन ते ओलसर लगद्यासारखे होईल एवढेच पाणी घालावे, सगळे मीठ विरघळू देऊ नये. ते झाकण आणि मापक एका हवाबंद पिशवीत किंवा डब्यात आठ-दहा तास ठेवावेत. मिठाच्या संपृक्त द्रावणावरील हवेची आर्द्रता नेहमीच्या तापमानाला ७५ टक्के असते. मापक ७० दाखवत असेल, तर त्या पातळीच्या आसपास तो ५ टक्के कमी दाखवतो असे समजून पुढचे आकडे वाचावेत. अशा पारखलेल्या मापकाने खोलीच्या मध्यभागी ६२ टक्के आणि कपाटामागे ८४ टक्के आर्द्रता दाखवली. खोली आणि कपाटामागची जागा यांत जेमतेम दोन हातांचे अंतर होते.

हा फरक पडतो कसा, हे समजून घेण्यासारखे आहे. २० अंश सेल्सिअस आणि ५० टक्के आर्द्रता असलेली खोली कोणालाही कोरडी वाटेल. पण त्याच खोलीतला बाहेरच्या भिंतीचा एखादा कोपरा साडेबारा अंशांपर्यंत गार झाला, तर त्याला लागून असलेल्या हवेची आर्द्रता ८० टक्क्यांवर जाते, कारण गार हवेत वाफ कमी मावते. भिंतीला चिकटवलेले कपाट खोलीची ऊब भिंतीपर्यंत पोहोचू देत नाही आणि हवाही अडवते, म्हणून मागची भिंत उघड्या भिंतीपेक्षा अधिक गार राहते. वातानुकूलित खोलीत हेच उलट्या दिशेने घडते : गार केलेल्या भिंतीच्या पलीकडे दमट, उष्ण हवा असेल तर त्या पलीकडच्या बाजूस ओल धरते, आणि यंत्राचा निचरा तुंबला असेल तर आतही.

नळाची गळती तपासायला पाण्याचे मीटर वापरावे. घरातले सगळे नळ बंद करून आकडा लिहून ठेवावा आणि दोन-तीन तास कोणीही पाणी न वापरता पुन्हा पाहावा. आकडा हलला असेल तर दाबाखालच्या पाइपात गळती आहे. माझा आकडा हलला नाही, आणि पाइप ठीक आहेत असे मानून मी आणखी एक महिना दवडला. मीटर फक्त येणाऱ्या पाण्याची गळती पकडते. सांडपाण्याची वाट गळत असेल, तर ती पाणी वापरले तेव्हाच गळते आणि मीटरला तिचा पत्ता लागत नाही. त्यासाठी न्हाणीघराची जाळी बंद करून फरशीवर दोन-तीन सेंटिमीटर पाणी साठवावे, कडेला खूण करावी आणि काही तास थांबावे. पातळी टिकली आणि पाणी सोडल्यावर मात्र पलीकडची भिंत ओली झाली, तर दोष जाळीखालच्या जोडात असतो. पातळीच उतरली, तर फरशीच्या फटींत किंवा भिंत आणि फरशी यांच्या सांध्यात. आमच्याकडे जाळीखालचा जोड सुटलेला होता. दुरुस्ती अर्ध्या दिवसात झाली.

खिडकी उघडावी की मिटावी

घर हवेशीर ठेवा, हा सल्ला सरसकट दिला जातो आणि तो अर्धाच खरा आहे. बाहेर १० अंश तापमान आणि ९० टक्के आर्द्रता असेल, तर आकडा भीतिदायक वाटतो. तरीही ती हवा आत येऊन २० अंशांपर्यंत तापली की तिची आर्द्रता सुमारे ५० टक्क्यांवर उतरते, म्हणून अशा दिवशी खिडकी उघडल्याने घर कोरडे होते. बाहेर २८ अंश आणि ८५ टक्के असतील, तर त्या हवेचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला तिच्यातल्या वाफेचे पाणी होऊ लागते ते तापमान, सुमारे २५ अंश असतो. घरातला जो पृष्ठभाग त्याहून गार, त्याच्यावर ती हवा पाणी सोडणार. दमट उन्हाळी दिवसांत आणि पावसाळ्यात गार खोलीच्या खिडक्या मोकळ्या हवेच्या आशेने उघड्या ठेवणारे लोक नकळत भिंतींना पाणीच पाजत असतात. अशा वेळी खिडक्या मिटून आर्द्रता शोषणारे यंत्र चालवणे अधिक शहाणपणाचे. घरातली आर्द्रता ६० टक्क्यांच्या खाली, आणि जमल्यास ३० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान ठेवावी. ५० टक्क्यांच्या खाली गेल्यावर धुळीतल्या सूक्ष्म किड्यांचीही संख्या घटते, आणि दमेकऱ्यांना त्याचा वेगळा लाभ होतो.

घरातच तयार होणाऱ्या वाफेचा आपण कधी विचार करत नाही. एक किलो एलपीजी जळला की सुमारे १.६ किलो पाणी वाफेच्या रूपाने हवेत मिसळते, आणि भांड्यातून निघणारी वाफ त्याहून निराळी. धुतलेले कपडे बंद खोलीत वाळत घातले, तर त्यांतले सगळे पाणी, एका मोठ्या धुण्यामागे दोन लिटरच्या आसपास, त्याच खोलीच्या हवेत जाते. स्वयंपाक करताना आणि अंघोळीनंतर वीस-तीस मिनिटे एक्झॉस्ट पंखा चालू ठेवावा. त्याच्या जाळीवर कागद धरून पाहावा. कागद चिकटून राहिला नाही, तर पंखा आवाज करतो आहे, हवा ओढत नाही. पंख्याची नळी घराबाहेर उघडते की माळ्यावर, हेही एकदा डोळ्यांनी पाहावे. कपाटे बाहेरच्या भिंतीपासून निदान हातभर नाही, तरी आठ-दहा सेंटिमीटर पुढे ओढावीत. माझ्या वरच्या डागाचे निम्मे काम या एका बदलाने झाले.

शरीरावर काय परिणाम होतो

जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली घरातील ओल आणि बुरशी यांविषयी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. ओलसर घरांत राहणे आणि दमा जडणे, असलेला दमा बळावणे, खोकला, छातीत घरघर, धाप आणि श्वसनमार्गाचे संसर्ग यांचा संबंध असल्याला पुरेसा पुरावा आहे, असा त्यांचा निष्कर्ष आहे. बीजाणू अमुक संख्येपर्यंत सुरक्षित, अशी मर्यादा मात्र त्यांत ठरवलेली नाही, कारण तशी ठरवण्याजोगी माहितीच उपलब्ध नव्हती. हवेचे नमुने तपासून आकडा हाती आला, तरी त्याची तुलना करायला प्रमाण नाही, ते यामुळेच. डोळ्यांना बुरशी दिसते किंवा नाकाला कुबट वास येतो, एवढे कामाला लागण्यास पुरे. महागड्या तपासणीवर खर्च करण्याऐवजी तो पैसा गळतीवर लावावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

बहुतेकांना होणारा त्रास ॲलर्जीचा असतो : एकामागून एक शिंका, वाहणारे किंवा चोंदलेले नाक, डोळ्यांची खाज, घशाची खवखव, कोरडा खोकला. दमा असलेल्यांना याच बीजाणूंमुळे झटका येऊ शकतो. सतत आणि भरपूर संपर्क आला, तर क्वचित फुफ्फुसांच्या ऊतींनाच सूज येते. त्यात संपर्कानंतर काही तासांनी ताप, थंडी, खोकला आणि धाप सुरू होते आणि तो फ्लू समजला जातो. असे वारंवार होत राहिले, तर फुफ्फुसांत कायमचे व्रण पडू शकतात. दमा किंवा सिस्टिक फायब्रोसिस (फुफ्फुसांत घट्ट कफ साठवणारा आनुवंशिक आजार) असलेल्या काहींमध्ये ॲस्परजिलस बुरशीची तीव्र ॲलर्जी श्वासनलिकांत ठाण मांडते. प्रत्यक्ष संसर्ग निरोगी माणसाला सहसा होत नाही, परंतु कर्करोगावर केमोथेरपी चालू असलेले, अवयव प्रत्यारोपण झालेले किंवा दीर्घकाळ स्टेरॉइड घेणारे रुग्ण यांच्या बाबतीत तो जीवघेणा ठरू शकतो. अशा व्यक्तीने बुरशी साफ करू नये आणि सफाई चालू असताना त्या घरात थांबूही नये.

काळ्या बुरशीविषयी फार भीती पसरलेली आहे. रंगावरून बुरशीची जात कळत नाही, आणि विषारीपणाही ठरत नाही, कारण काळ्या दिसणाऱ्या जाती पुष्कळ आहेत. अमेरिकेतील क्लीव्हलंड शहरात १९९३-९४ मध्ये काही तान्ह्या मुलांच्या फुफ्फुसांत रक्तस्राव झाला, तेव्हा त्याचा संबंध स्टॅकीबॉट्रिस या काळपट बुरशीशी जोडला गेला. पुढे २००० साली अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्रानेच फेरतपासणी करून तो संबंध सिद्ध होत नाही असे जाहीर केले. हे सांगण्याचा हेतू धोका कमी लेखण्याचा नाही. करड्या, हिरव्या किंवा पांढऱ्या बुरशीला निरुपद्रवी समजून सोडून देणारे आणि काळ्या ठिपक्याने झोप उडालेले, दोघेही रंगाकडे पाहत राहतात आणि ओल तशीच राहते.

घराबाहेर राहिल्यावर त्रास कमी होतो आणि परतल्यावर वाढतो, असे दिसले तर दोन-तीन आठवडे तारखेनिशी टिपण ठेवावे आणि ते डॉक्टरांना दाखवावे. घरात ओल आहे हे आपणहून सांगावे, कारण विचारले जाईलच असे नाही. त्वचेवरील ॲलर्जी चाचणी, रक्तातील आयजीई (ॲलर्जीत वाढणारी प्रतिपिंडे) आणि श्वसनक्षमतेची स्पायरोमेट्री या तपासण्यांतून चित्र स्पष्ट होते. सतत धाप लागणे, खोकल्यातून रक्त पडणे, ताप न उतरणे किंवा लहान मुलाचा श्वास भराभर चालून बरगड्यांमधली कातडी आत ओढली जाणे, यांपैकी काहीही दिसल्यास टिपणे ठेवत बसू नये, लगेच रुग्णालय गाठावे. आमच्या मुलाचा खोकला दुरुस्तीनंतर काही आठवड्यांत ओसरला. औषधे मात्र डॉक्टरांनी सांगेपर्यंत चालूच ठेवली.

सफाई, ओल थांबल्यावर

कोरडी खरवडण्याची चूक मी का केली याचे उत्तर एवढेच की डाग दिसत होता आणि खरवडणी हाताशी होती. कोरडा थर हलवला की बीजाणू ढगासारखे उठतात आणि पंखा चालू असेल तर घरभर जातात. त्या रात्री मुलाचा खोकला सर्वांत वाईट होता. म्हणून आधी पंखे आणि वातानुकूलन बंद करावे, खोलीचे दार मिटून खिडकी उघडावी, मुलांना आणि दमेकऱ्यांना दुसरीकडे पाठवावे, आणि एन-९५ मास्क, रबरी हातमोजे व बाजूंनी बंद असलेला चष्मा घालूनच हात लावावा. साधा कापडी मास्क या कामाला पुरत नाही. भिंतीवर पाण्याचा हलका फवारा मारून थर ओला करावा, साबणाच्या किंवा डिटर्जंटच्या पाण्याने पुसावा, फडका वारंवार बदलावा आणि वापरलेले फडके पिशवीत बांधून टाकावेत.

फरशी, काच, धातू अशा गुळगुळीत जागी डिटर्जंट पुरेसे असते. मेलेली बुरशीसुद्धा ॲलर्जी आणते, त्यामुळे मारण्यापेक्षा ती उचलून घराबाहेर काढणे महत्त्वाचे, आणि ब्लीचची गरज बहुधा पडतच नाही. वापरायचेच असेल, तर अमोनिया असलेल्या काचपुसणीबरोबर, व्हिनेगरबरोबर किंवा शौचालयाच्या आम्लयुक्त द्रवाबरोबर ते कधीही मिसळू नये. त्यातून क्लोरामाइन किंवा क्लोरीन हे विषारी वायू निघतात, आणि बंद न्हाणीघरात ते प्राणावर बेतू शकतात. ओझोन सोडणारी यंत्रे बुरशीवर विशेष काम करत नाहीत, फुफ्फुसांना मात्र इजा करतात. हेपा गाळणीचे, म्हणजे अतिसूक्ष्म कण अडवणाऱ्या गाळणीचे हवाशुद्धीकरण यंत्र तरंगणारे बीजाणू पकडते, भिंतीतले पाणी काही त्याच्याने कमी होत नाही.

आत तंतू शिरलेला जिप्सम बोर्ड, छताच्या तंतुमय टाइल, भिजून कुबटलेली गादी आणि गालिचा यांचा मोह सोडावा. कपाटाची प्लायवूडची पाठ मी दोनदा धुऊन वाळवली, तिसऱ्यांदा वास आला तेव्हा काढून टाकली. डागांचे एकूण क्षेत्र चौरस मीटरभराहून मोठे असेल, पाणी सांडपाण्याचे असेल किंवा बुरशी वातानुकूलनाच्या नळमार्गात शिरलेली असेल, तर हे काम प्रशिक्षित माणसांकडून करून घ्यावे.

यानंतरचा टप्पा थांबण्याचा, आणि माणसे चुकतात ती इथे. ओल बंद झाली म्हणजे भिंत वाळली असे होत नाही. जाडीच्या दर २५ मिलिमीटरमागे एक महिना हा स्थूल हिशेब धरला, तरी वीतभर जाडीच्या भिंतीला अर्धे वर्ष आणि त्याहूनही अधिक काळ लागू शकतो. त्याआधी हवा न जाऊ देणारा रंग चढवला, तर पाणी त्याच्यामागे कोंडले जाते आणि माझ्याकडे आले तसे फोड येतात. बुरशीरोधक रंग वाळलेल्या भिंतीवर उपयोगी पडतो, ओल्या भिंतीवर नाही. आम्ही खालचा सुटलेला गिलावा काढून भिंत उघडीच ठेवली, फॉइलची परीक्षा दर महिन्याला पुन्हा केली, आणि सलग दोनदा फॉइलमागे कोरडे निघाल्यावरच नवा गिलावा आणि रंग केला.

आता कपाट भिंतीपासून अंतर राखून उभे आहे आणि त्याच्यामागे आर्द्रतामापक टांगलेला आहे. नव्या रंगावर जुन्या डागांच्या जागी शिसपेन्सिलीने बारीक खुणा केल्या आहेत. महिन्याच्या पहिल्या रविवारी दिवा मालवून टॉर्च तिरपा धरतो, खुणांच्या आत काही उगवले आहे का ते पाहतो आणि मापकाचा आकडा वहीत लिहितो. गेल्या थंडीत तो एकदा ७१ पर्यंत चढला. कपडे खोलीत वाळत घातले होते. ते बाहेर काढल्यावर दोन दिवसांत ५८ वर आला.